चालत्या सर्व्हरवरील दोषशोध

सर्व्हरवरचे ॲप्लिकेशन बंद न करता ते मंद का झाले, त्याची मेमरी का फुगत चालली, हे शोधण्याची पद्धत. असे दोष खऱ्या गर्दीतच उघडे पडतात. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढते. भाव दाखवणाऱ्या ॲपची चाचणी मे महिन्यात घेतली तर ते झकास चालणारच.

आधी सीपीयू पाहायचा. तो पूर्ण व्यापलेला असेल तर प्रोफायलर (कोणत्या कामात किती वेळ जातो ते मोजणारे साधन) लावतात. लिनक्सवरचा ‘पर्फ’ (२००९) सेकंदाला ठरावीक वेळा डोकावून कोणते फंक्शन चालू आहे ते टिपतो. हा वेग बहुधा ९९ ठेवतात, १०० नाही. नाहीतर त्याच ठेक्याने चालणाऱ्या कामांशी गाठ पडून नमुने एकांगी होतात. या नमुन्यांचा ‘फ्लेम ग्राफ’ (एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा आलेख) कार्यक्षमता-तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये आणला. त्यात पट्टी जितकी रुंद तितका वेळ जास्त; डावे-उजवे याला काळाचा अर्थ नसतो, आणि नवखे नेमके तिथेच फसतात.

सीपीयू मोकळा असूनही पान उघडत नसेल, तर काम कशाची तरी वाट पाहत अडकले आहे. जावात ‘जेस्टॅक’ या साधनाने दहा-दहा सेकंदांनी तीन थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, कोणत्या ओळीवर आहे त्याची नोंद) घ्यावेत. तिन्हींत बहुतेक थ्रेड डेटाबेस कनेक्शन मागत त्याच ओळीवर थांबलेले दिसले, तर कनेक्शनांचा पूल (तयार ठेवलेला ठरावीक साठा) संपला आहे. मग कनेक्शन कोण अडवून बसले, एखादी लांबलेली क्वेरी की परत करायचेच राहिले, ते बघायचे. ‘एसट्रेस’ (strace) हे साधन प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीला) प्रोसेस थांबवते, म्हणून गर्दीच्या वेळी ते टाळलेलेच बरे. सोलारिस १० या ऑपरेटिंग सिस्टिममधला डीट्रेस (२००५) आणि पुढे लिनक्सवरील ईबीपीएफ या निरीक्षणाच्या सोयींमुळे हा भार बराच हलका झाला.

मेमरीच्या बाबतीत आलेखाचे शिखर नव्हे, तळ पाहावा. गार्बेज कलेक्शननंतरही (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी केल्यावरही) उरणारी मेमरी दर फेरीला वर सरकत असेल तर गळती आहे. प्रत्येक पावतीची नोंद कॅशमध्ये (पटकन मिळावी म्हणून मेमरीत ठेवलेल्या साठ्यात) टाकायची, काढायची मात्र कधीच नाही, हे नेहमीचे कारण. हीप (जावाच्या वस्तू जिथे राहतात ती मेमरी) स्थिर आणि प्रोसेसची एकूण मेमरी तरी वाढती, असे असेल तर हीपबाहेरची मेमरी, म्हणजे थ्रेडचे स्टॅक, थेट बफर किंवा नेटिव्ह (जावाबाहेरची) लायब्ररी तपासावी. कंटेनर (ॲप्लिकेशन ज्या बंदिस्त, मर्यादा घातलेल्या जागेत चालते तो) १३७ या कोडने पडला म्हणजे त्याला ‘किल’ हा सक्तीने बंद करणारा, ९ क्रमांकाचा सिग्नल (१२८ + ९) मिळाला. बहुतेक वेळा मेमरी मर्यादेबाहेर गेल्यामुळे.

“रिस्टार्ट मार, बघू” हा उपाय संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे चालतो. ग्राहक खोळंबला असेल तर त्यात गैर काही नाही; फक्त आधी डंप घ्यावा, कारण रिस्टार्टबरोबर पुरावाही जातो. हीप डंप (सगळ्या हीपची फाइलमधली नक्कल) घेताना मात्र प्रोसेस थबकते आणि फाइल काही जीबींची होऊ शकते, म्हणून डिस्कवरची जागा अगोदर पाहावी. शेतकऱ्यांचे मोबाइल आणि बँक खाते क्रमांक त्या फाइलमध्ये उघड वाचता येतात. ती व्हॉट्सॲपवरून सहकाऱ्याला पाठवू नये आणि तपास संपताच पुसावी.