घडीव लोखंड आणि पोलाद: एकाच कुऱ्हाडीतले दोन धातू

अठराव्या शतकातील अमेरिकी वसाहतींमध्ये घडवलेली कुऱ्हाड वरवर पाहिली तर एकाच धातूची वाटते. प्रत्यक्षात तिचे अंग बहुधा घडीव लोखंडाचे असे आणि धार पोलादाची. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे जेम्स अँडरसन यांच्यासारख्या लोहारांच्या हाताखालून हे दोन्ही धातू जात असत.

घडीव लोखंडात कार्बन सहसा ०.१ टक्क्याहूनही कमी असतो आणि मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या काचेसारख्या कचऱ्याचे, बारीक धागे त्यात अडकून राहिलेले असतात. त्यामुळे अशा पट्टीवर खाच पाडून ती वाकवत मोडली, तर ती ओल्या फांदीसारखी तंतू काढत फाटते. हे लोखंड घणाखाली सहज वळते आणि सहज जोडले जाते, पण तापवून पाण्यात कितीही वेळा बुडवले तरी धार टिकण्याइतके कडक होत नाही.

पोलादात साधारण ०.६ टक्क्यापासून एक टक्क्याच्या थोडे वरपर्यंत कार्बन असतो आणि ते मोडले तर तुटलेली जागा दाणेदार दिसते. लालभडक तापवून पाणी पाजले की ते अतिशय कडक, पण ठिसूळही होते. म्हणून लोहार ते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवतो आणि घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळ्यापासून निळ्यापर्यंत बदलत जाणाऱ्या रंगांवरून नेमके कुठे थांबायचे ते ठरवतो.

मग सगळी कुऱ्हाडच पोलादाची का नसे? पोलाद महाग होते. लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत बंद करून कित्येक दिवस तापवल्यावर ते तयार होई, बरेचसे इंग्लंडहून येई, आणि १७५० च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींत पोलादाच्या नव्या भट्ट्या उभारण्यास बंदी घातली होती. तरीही किंमत हे अर्धेच कारण आहे, असे मला वाटते. घावाचा धक्का सोसायला मऊ, चिवट अंगच हवे.

खरे कसब जोडात होते. लोहार लोखंडी पट्टी दुमडून दांड्यासाठी नेढे करी, तिच्या दोन टोकांमध्ये पोलादाची चीप बसवी आणि सारे एकत्र तापवी. मात्र ज्या आचेवर लोखंड निवांत जोडले जाते, तिथे पोलाद जळू लागते, त्यामुळे भाता क्षणभर जास्त चालला तरी धार वाया जाई. पुढे वर्षानुवर्षे पाजवून ही चीप झिजली, की गिऱ्हाईक तीच कुऱ्हाड घेऊन परत येई आणि लोहार जुन्या अंगाला नवे पोलाद जोडून देई.