मिथेनॉल : जहाजांचे इंधन

जहाजाच्या इंजिनात जड तेलाऐवजी जाळले जाणारे, एका कार्बन अणूचे अल्कोहोल. आकारमानाने पाहता जगाचा ८० टक्क्यांहून अधिक व्यापार समुद्रमार्गे होतो. मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. २०५० च्या सुमारास हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवले. तेव्हापासून पर्यायी इंधनांच्या शोधाला धार आली.

मिथेनॉलची मोठी सोय म्हणजे ते नेहमीच्या तापमानाला द्रवच असते. नैसर्गिक वायू द्रवरूपात ठेवायला उणे १६२ अंश सेल्सिअस लागते, हायड्रोजनला उणे २५३. शिवाय मिथेनॉलमध्ये गंधक नसते आणि सांडले तर ते पाण्यात मिसळून जाते. मात्र तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला तेलाच्या दुपटीहून मोठी टाकी लागते आणि तेवढी मालाची जागा जाते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे डोळ्यांना कळत नाही. ते विषारीही आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या गावठी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले, ते याच द्रव्यामुळे. इंजिनखोलीतील माणसांचे प्रशिक्षण म्हणूनच इंजिनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग ते जर्मनीतील कील या मार्गावरची ‘स्टेना जर्मानिका’ ही प्रवासी फेरी २०१५ मध्ये मिथेनॉलवर चालू लागली. २०२३ मध्ये मर्स्क कंपनीचे ‘लॉरा मर्स्क’ हे मिथेनॉलवर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज कोपनहेगनला पोचले.

मिथेनॉल जळले की कार्बन डायऑक्साइड निघतोच. खरा प्रश्न तो कार्बन आला कुठून, हा आहे. आजचे बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनते. ते जाळून हवामानाचे काहीच भले होत नाही. इंधन हिरवे की काळे, हे समुद्रावर नव्हे, किनाऱ्यामागच्या कारखान्यात ठरते. डेन्मार्कमधील कासो येथे सौर विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन आणि बायोगॅसमधून मिळालेला कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेनॉल बनवतात. २०२५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४२,००० टन. जहाजांसाठी मर्स्क, तर प्लॅस्टिक बनवण्यासाठी खेळण्यांची लेगो आणि औषधांची नोव्हो नॉर्डिस्क या कंपन्या त्याच्या गिऱ्हाईक आहेत.