काळी खिडकी आणि बुद्धिबळाचा पट: मोफत सॉफ्टवेअर आजच्या रूपात कसे आले

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे मोफत इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम, उतरवले, झिप उघडली, फाइलवर दोनदा क्लिक केले, आणि समोर ना पट, ना मोहरे. नुसती काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. कुडाळ असो की गुहागर, मोफत बुद्धिबळ सॉफ्टवेअरकडे वळणाऱ्यांना पहिली ठेच इथेच लागते. फाइल खराब आली असावी म्हणून ती पुसलीही जाते. खरे तर बिघडलेले काहीच नसते. त्या खिडकीत इंग्रजीत ‘यूसीआय’ ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबा. सेटिंग्जची यादी येते आणि शेवटी ‘यूसीआयओके’ असे उत्तर येते. इंजिन जागे आहे. त्याला पट नाही, एवढेच.

तो का नाही, याचे उत्तर चाळीस वर्षे मागे जाते. १९८४ मध्ये स्टुअर्ट क्रॅक्राफ्ट यांनी ग्नू चेस या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामचे काम सुरू केले. त्यात चाल अक्षरांत टाइप करायची आणि उत्तरही अक्षरांतच वाचायचे. खिडकीत पट दाखवणारा एक्सबोर्ड आला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. टिम मान यांनी तो वाढवला आणि विंडोजसाठी त्याचा विनबोर्ड झाला. पट आणि इंजिन हे दोन वेगळे प्रोग्राम एकमेकांना मजकुराच्या ओळी पाठवत. त्यामुळे कुणालाही आपले इंजिन त्याच पटाला जोडता येऊ लागले, चित्रे काढण्याची कटकट न करता. नोव्हेंबर २००० मध्ये रुडॉल्फ ह्यूबर आणि स्टेफान मायर-काहलेन यांनी यूसीआय ही संभाषणाची नवी पद्धत मांडली. मायर-काहलेन यांचे स्वतःचे श्रेडर हे इंजिन विकत मिळे, पण पद्धत सर्वांना खुली ठेवली. यूसीआयमध्ये डाव लक्षात ठेवण्याचे काम पटाच्या प्रोग्रामकडे असते. तो दर वेळी इंजिनाला पूर्ण स्थिती कळवतो. म्हणून आज एकाच पटावर पाच इंजिने बदलून लावता येतात.

डाव लिहून ठेवण्याची बाजू तिसरी. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये पीजीएन ही मजकुराची पद्धत आखली. साध्या नोटपॅडमध्येही उघडणारी ही फाइल आजही सगळे प्रोग्राम वाचतात.

तेव्हा निवड एका सॉफ्टवेअरची नसते. इंजिन, पट आणि डावांचा साठा या तीन वस्तू वेगवेगळ्या निवडायच्या असतात.

यांतली इंजिनाची निवड आता जवळजवळ उरलेलीच नाही. २००४ मध्ये फाबियां लतुझे यांचे फ्रूट आले. सुटसुटीत, खुल्या कोडचे आणि भलतेच बलवान. त्यातून पुढचे अनेक जण शिकले. त्याच वर्षी नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांचे ग्लाउरुंग आले. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी ग्लाउरुंगचा कोड घेऊन स्टॉकफिश उभे केले. नावातली गंमत अशी की मासा नॉर्वेत तयार झाला आणि इटलीत शिजला. स्टॉकफिश म्हणजे मीठ न लावता वाऱ्यावर सुकवलेला कॉड. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट यांनी फिशटेस्ट सुरू केले. कोडमधला प्रत्येक बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जाऊ लागला, आणि खरी झेप तिथून सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकलेल्या प्रोग्रामने स्टॉकफिशला १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबऱ्या असे हरवले. त्या धक्क्यातून लीला चेस झीरो हा खुला प्रकल्प निघाला. स्टॉकफिशने मात्र शोगी या जपानी बुद्धिबळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये शोधलेले एनएनयूई हे छोटे न्यूरल नेटवर्क आपल्यात घेतले. सप्टेंबर २०२० ची बारावी आवृत्ती ती. लीलाला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. एनएनयूई साध्या प्रोसेसरवर चालते. चाकरमान्याने गणपतीला येताना आणून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर कोणते लावायचे, हा प्रश्न तिथेच मिटतो.

जुन्या लॅपटॉपची खरी अडचण दुसरीच. स्टॉकफिशच्या फाइली प्रोसेसरनुसार वेगळ्या असतात. एव्हीएक्स२ ची (प्रोसेसरमधल्या वेगवान सूचनांचा हा संच) फाइल साधारण २०१३ नंतरच्या कोअर मालिकेतल्या प्रोसेसरांवर चालते. त्यानंतरच्याही अनेक पेंटियम-सेलेरॉनांवर ती चालत नाही. खिडकी उघडते आणि क्षणात मिटते, किंवा पटाचा प्रोग्राम ‘इंजिन प्रतिसाद देत नाही’ म्हणतो. मग पॉपसीएनटी असे नाव असलेली फाइल घ्यावी. तीही अडली तर साधी एक्स८६-६४. वेग थोडा घटतो, पण आपल्या चुका दाखवायला तो पुरून उरतो. इंजिन पटाला जोडल्यावर दोन आकडे बदलायचे. थ्रेड्स, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, मूळचे १ असतात. चार कोअर असतील तर ३ करावेत. हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा, मूळचे १६ एमबी असते. ४ जीबी रॅमवर २५६ पुरे. हॅश फार वाढवले की विंडोज डिस्क घासू लागते आणि सगळेच रखडते. अभ्यासाला मल्टीपीव्ही, म्हणजे एकदम दाखवायच्या चालींची संख्या, ३ ठेवावे, म्हणजे सर्वोत्तम चालीबरोबर आपल्याला सुचलेली दुसरी-तिसरी चालही दिसण्याची शक्यता वाढते. वीज गेलेली असताना ‘अखंड विश्लेषण’ चालू ठेवू नये. ते बॅटरी झपाट्याने खाते. विश्लेषणाची खोली (इंजिन किती चाली पुढे पाहते तो आकडा) २० ते २२ झाली की थांबवावे.

सरावाला मात्र कमजोर केलेले स्टॉकफिश बेचव लागते. दहा चाली अचूक खेळून अकराव्या चालीला ते उगाच घोडा देते. माणसे अशी चुकत नाहीत. २०२० मध्ये आलेले माया हे इंजिन लीचेस या मोफत संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेले आहे आणि ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंसारखे चुकते. लुकास चेसमध्ये नवशिक्यांसाठी कमी ताकदीची अनेक इंजिने पटासकट एकत्र मिळतात, म्हणून काळ्या खिडकीची भानगडच येत नाही. शाळेच्या संगणक खोलीसाठी तेच लावावे.

लीचेस २०१० मध्ये तिबो दुप्लेसी यांनी सुरू केले. कोड खुला, जाहिरात नाही, देणग्यांवर चालते. एका स्टडीत, म्हणजे तिथल्या अभ्यासाच्या वहीत, ६४ प्रकरणे ठेवता येतात आणि ती पीजीएनमध्ये उतरवता येतात. ही उतरवण्याची सोय आपल्याकडे फार कामाची आहे. टाळेबंदीत जग ऑनलाइन बुद्धिबळाकडे वळले होते, त्याच काळात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक वाड्या दीर्घकाळ विजेविना होत्या. एरवीही पावसाळ्यात रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही. फक्त सर्व्हरवर ठेवलेला अभ्यास अशा वेळी हाताशी नसतो. मे अखेरीस स्टडी उतरवून स्किड या डावांच्या साठ्याच्या प्रोग्राममध्ये घ्यावी. फोनवर ड्रॉइडफिश असू द्यावे. त्यात स्टॉकफिश आतच असते आणि इंटरनेट लागत नाही.

स्किड शेन हडसन यांचा. ‘स्किड व्हर्सेस पीसी’ ही त्याचीच पुढची शाखा. पीजीएन आत घेतल्यावर आधी दुबार डाव काढावेत. नावे तपासणे त्याहून महत्त्वाचे. पाटील हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले गेले, की एकाच खेळाडूचे डाव तितक्या ठिकाणी विखुरतात आणि प्रतिस्पर्ध्याची तयारी करताना निम्मे हाती लागत नाहीत.

डावाच्या शेवटच्या टप्प्यासाठी रोनाल्ड डी मान यांचे सिझिजी तक्ते आहेत. पटावर मोजके मोहरे उरले की प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल ते सांगतात. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सारे मिळून सुमारे १ जीबी, म्हणजे पेन ड्राइव्हवर मावतात. सहा मोहऱ्यांचे १५० जीबीच्या घरात जातात. सातांचे टेराबाइटमध्ये, ते लीचेसवरच पाहावेत.

हे सगळे पेन ड्राइव्हवरून शेजारच्या वाडीत देणे चोरी ठरत नाही, पण प्रत्येकाचा परवाना पाहावा. अरेना हा जुना, लोकप्रिय पट फुकट आहे, पण त्याचा कोड खुला नाही. स्टॉकफिश जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. ते वाटायला मुभा आहे, अट एवढीच की कोड आणि परवानाही सोबत मिळायला हवा. हीच अट मोडल्याचा आरोप करून स्टॉकफिशच्या मंडळींनी २०२१ मध्ये चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवर जर्मनीत दावा लावला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. आपल्यापुरते काम सोपे आहे. नुसती चालणारी फाइल काढून न देता अख्खी झिप द्यावी. कोडचा फोल्डर आणि ‘कॉपीइंग’ नावाची परवान्याची फाइल तिच्यातच असते.