उत्खननाचे शिक्षण आणि बाल्कचा वाद : पार्श्वभूमी

लायडेन विद्यापीठात पुरातत्त्वाचे अध्यासन 1818 साली सुरू झाले, तरी पुढची शंभर वर्षे विद्यार्थी शिकत राहिला तो मुख्यतः मूर्ती, नाणी आणि शिलालेख. माती मजूर उपसत आणि निघालेल्या वस्तू जाणकारांपुढे येत. थर कोणता, याची काटेकोर नोंद ठेवणारी उत्खनने 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये झाली, पण ती शिस्त अभ्यासक्रमात यायला बराच वेळ लागला.

ती आली 1930च्या दशकात. इंग्लंडमधल्या व्हेरुलेमियम आणि त्यानंतर मेडन कॅसल (1934 ते 1937) या प्राचीन स्थळांवर विद्यार्थ्यांच्या हाती थापी दिली गेली. 1944 साली तक्षशिलेला हीच पद्धत शिकवण्यासाठी प्रशिक्षण वर्ग भरला, तर 1952 पासून पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोच्या उत्खननात ती आणखी घोटली गेली. जागेची चौकोनांत आखणी करायची आणि दोन चौकोनांमध्ये न खणलेली भिंत, म्हणजे बाल्क, उभी ठेवायची, असा तिचा गाभा.

इथेच मोठा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. पाच मीटरच्या चौकोनात चारी कडांना अर्धा मीटर सोडला, तर 25 चौरस मीटरपैकी 16च खणले जातात. लाकडी घरांच्या खांबांचे मातीत फक्त काळपट गोल डाग उरतात. त्यातले दोन-तीन बाल्कखाली राहिले की घराचा आराखडाच जुळत नाही. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या उत्खननात (1961 ते 1971) म्हणूनच बाल्क हटवून मोठे क्षेत्र एकसंध उघडले गेले. तिथल्याच नोंदींची संगती लावताना 1973 साली थरांचा क्रम मांडणारी चौकटींची आकृती तयार झाली. पाठोपाठ लंडनमध्ये प्रत्येक थर स्वतंत्र कागदावर काढायची रीत रुळली.

संशोधनासाठी खुले क्षेत्र सरस आहे, हे मान्य करावेच लागते. पण नवशिक्या विद्यार्थ्यासाठी बाल्कची बाजू आजवर फार हलक्यात घेतली गेली आहे. बाल्कचा उभा छेद थापीने तासायचा, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. ओल उतरता उतरता राखेचा थर आणि गाळाचा थर यांतली रेघ दिसू लागते. ती सुईने कोरून थराच्या क्रमांकाची चिठ्ठी खिळ्याने टोचायची. दुसऱ्या दिवशी शिक्षक येऊन ती रेघ चुकली आहे असे दाखवू शकतो, कारण पुरावा जागेवर उभा असतो. खुल्या क्षेत्रात थर एकदा उचलला की उरते ती केवळ विद्यार्थ्याची नोंद.

गेल्या काही दशकांत प्रश्न वेगळाच झाला आहे. पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठीच्या 1992च्या युरोपीय व्हॅलेटा करारानंतर युरोपात बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च विकासकावर टाकण्याची रीत वाढली. खोदकामाचा मोठा वाटा व्यावसायिक चमूंकडे गेला. मुदतीच्या घाईत शिकाऊ हातांना तिथे जागा थोडी. मग शुल्क भरून चालणारी प्रशिक्षण शिबिरे वाढली. ज्याला प्रवास आणि शुल्क परवडते, त्यालाच थापी धरायला मिळावी, हे या विषयाला शोभणारे नाही. 2020 साली साथीमुळे अनेक शिबिरे रद्द झाली, तेव्हा काही विभागांनी त्रिमितीय प्रतिकृतींवर छेद वाचायला शिकवले. अशा सरावाला प्रत्यक्ष उत्खननाच्या दिवसांइतके गुण द्यावेत का, यावर मतभेद कायम आहेत.