साधा गिलेमॉट की ब्रुनिखचा? उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राची खबर देणारे दोन पक्षी

समुद्रालगतच्या कड्यावर ताठ उभे, पाठ काळी, पोट पांढरं. आर्क्टिकमधल्या अशा पक्ष्यांचा फोटो आला की खाली कुणीतरी ‘पेंग्विन’ असं लिहितंच. पेंग्विन दक्षिणेकडचे आणि न उडणारे. हे गिलेमॉट उत्तरेचे आणि उडणारे. तो घोळ तिथेच मिटतो. खरा घोळ पुढे आहे. गिलेमॉट दोन आहेत, साधा आणि ब्रुनिखचा, आणि हवामानबदलाच्या बातम्यांत दोघांना सर्रास एकाच माळेचे मणी समजतात. माझ्या मते नुसतं ‘गिलेमॉट कमी झाले’ हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. कुठला आणि कुठे, हे कळल्याशिवाय समुद्रात काय बिघडलं ते त्यातून कळत नाही.

सारखेपणा आहेच. दोघंही युरिया या प्रजातीतले, वजन साधारण एक किलो. घरटं बांधायची भानगड नाही. अरुंद कपारीवर, उघड्या दगडावर एकच अंडं. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, धड उडताही येत नसलं, तरी कड्यावरून उडी टाकतं आणि पुढे समुद्रात बाप त्याला सांभाळतो. ओळखायचं तर चोच बघा. ब्रुनिखची चोच आखूड, जाड आणि वरच्या चोचीच्या कडेला पांढरट रेघ. साध्याची लांबट, सडपातळ, बिनरेघेची. ब्रुनिख जास्त काळाभोर, आणि त्याच्या छातीचा पांढरा रंग गळ्याच्या काळ्यात टोकदार शिरतो. जवळून हे सोपं वाटतं. धुक्यात, हजारो पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असलेल्या मिश्र वसाहतीत दोघं वेगवेगळे मोजणं जिकिरीचं काम आहे.

समुद्राची नाडी यांच्यावरून कळते ती त्यांच्या शरीररचनेमुळे. पंख पाण्याखाली पोहायला सोयीचे, म्हणजे आखूड. शंभर मीटरच्याही खाली बुडी मारता येते, पण उडणं फार महागात पडतं. रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अन्न लागतं आणि काही दिवसांच्या उपासातच जीव जातो. शिवाय पिल्लासाठी एका खेपेला चोचीत आडवा नाही, उभा धरून एकच मासा आणतात. कड्यासमोर दुर्बीण घेऊन बसलं की कोणता मासा, केवढा, किती वेळाने, सगळं लिहून काढता येतं. जाळं टाकायला जहाज लागत नाही.

दोघांचे रस्ते वेगळे होतात ते ताटापाशी. साधा गिलेमॉट तुलनेने उबदार पाण्यातला, खाली कॅलिफोर्नियापर्यंत वीण करणारा, आणि कॅपेलिन, सँडईल, हेरिंग अशा थव्याने फिरणाऱ्या चरबीदार माशांवर अवलंबून. ब्रुनिख बर्फाच्या शेजारचा. तो आर्क्टिक कॉड हा बर्फाळ पाण्यातला मासा खातो, तळाचे मासे खातो, नाहीच मिळालं तर झिंग्यासारखे कवचधारी जीवही त्याला चालतात.

हा फरक नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातल्या ब्योर्नोया बेटावर लख्ख दिसला. तिथे दोन्ही जाती शेजारी शेजारी वीण करतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात कॅपेलिनचा साठा कोसळला आणि १९८६-८७च्या एका हिवाळ्यात तिथले ८० टक्क्यांहून जास्त साधे गिलेमॉट नाहीसे झाले. ब्रुनिखला तसा फटका बसला नाही. कॅपेलिन कोसळण्यामागे मासेमारी होती, कॅपेलिनची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं खाणारं कोवळं हेरिंगही होतं. म्हणजे साध्याने खबर अचूक दिली, पण ती ‘मासा गेला’ एवढीच होती. तो का गेला, हे माणसांनी शोधायचं.

अलास्कात मात्र कारण उघड होतं. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात ‘ब्लॉब’ नावाने ओळखली जाणारी उष्णतेची लाट ठाण मांडून होती. कॅलिफोर्निया ते अलास्का किनाऱ्यावर सुमारे ६२,००० साधे गिलेमॉट मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले सापडले. हाडाला चिकटलेले, पोटं रिकामी. खरा आकडा विणीच्या वसाहतींची आधीची आणि नंतरची मोजणी ताडून पाहिल्यावर कळला. २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४० लाख पक्षी, म्हणजे अलास्कातले निम्मे, मेले. संख्या नंतरही सावरलेली नव्हती.

ब्रुनिखची खबर अशी किंकाळीसारखी येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या वहीत उमटते. कॅनडाच्या हडसन उपसागरात कोट्स बेटावर पक्षीशास्त्रज्ञ टोनी गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून पिल्लांना भरवले जाणारे मासे नोंदवले. ८०च्या दशकाच्या मध्यात त्यांत आर्क्टिक कॉड सुमारे ४३ टक्के होता, ९०च्या दशकाच्या अखेरीस १५ टक्क्यांवर आला. त्याची जागा कॅपेलिन आणि सँडईलने घेतली. बर्फ लवकर वितळू लागला होता. पक्ष्यांची संख्या नव्हे, पिल्लाचा घास बदलून समुद्र बदलल्याचं कळलं! त्याच बेटावर उकाड्याच्या, वारा पडलेल्या दिवसांत अंड्यावर बसलेले पक्षी डासांनी आणि उष्म्याने मेल्याच्या नोंदी आहेत. आर्क्टिकमध्ये डास हे ऐकायला विचित्र वाटेल, पण थंडीत तगलेल्या त्या जाड पिसाऱ्याला ऊन सोसत नाही, आणि अंडं सोडून उठावं तर सीगल टपलेले.

गंमत पुढे आहे. कोट्सच्या बरंच उत्तरेला प्रिन्स लिओपोल्ड बेट आहे. तिथे त्याच ब्रुनिखला बर्फ उशिरा फुटला की त्रास होतो. कोट्सवर लवकर फुटला की. पक्षी तोच, तापमानवाढही तीच, पण एकीकडे तूर्त सोय आणि दुसरीकडे हाल. दोन्ही जातींच्या ध्रुवाभोवतीच्या वसाहती एकत्र तपासणारा २००८चा अभ्यासही याच अंगाने जातो: समुद्राचं तापमान वर जावो की खाली, बदल मोठा असला की दोघंही घटतात. थोडी ऊब ब्रुनिखला मानवली, थोडा गारवा साध्याला.

आपल्याकडच्या शास्त्रज्ञांचाही या मुलखाशी संबंध आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात ज्या कोंग्सफ्योर्ड या फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठी २००८पासून आहे, त्याच फ्योर्डच्या कड्यांवर ब्रुनिख वीण करतात. तिथल्या स्पिट्सबर्गेन बेटावरचे ब्रुनिख १९९०च्या दशकाच्या मध्यापासून घटत आहेत. ही घट सरळ उन्हाळ्यातल्या वितळत्या बर्फाच्या नावावर टाकायचा मोह होतो. पण हे पक्षी हिवाळा आइसलँड आणि ग्रीनलंडच्या आसपासच्या समुद्रात काढतात. तिथलं पाणीही पालटतंय, आणि ग्रीनलंडमध्ये खाण्यासाठी त्यांची शिकार होते. त्यामुळे कड्यावर पक्षी किती उरले, या आकड्याशेजारी ते हिवाळ्यात कुठे होते आणि तिथे बंदुका किती चालल्या, हे दोन रकानेही भरावे लागतात.