जुन्या छापील चित्रांची ऑनलाइन नोंद: चित्र कोणाचे, ठिकाण कुठले?

आमच्याकडे स्कॅनिंग आणि ऑनलाइन नोंदीला येणारी बरीच जुनी चित्रे समास झाकून चौकटीत बसवलेली असतात, आणि नोंदीला लागणारा मजकूर नेमका त्या समासातच असतो. म्हणून आम्ही चित्र चौकटीतून काढून अख्खा कागद स्कॅन करतो: चारही कडा आणि मागची बाजूही, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. मागे शिक्के आणि पेन्सिलीचे आकडे सापडतात. चौकट निघत नसेल तर घरी ओढाताण करू नका, तशीच आणा.

चित्राखाली डावीकडे सहसा रेखाटणाऱ्याचे किंवा रंगवणाऱ्याचे नाव असते, पुढे 'डेल.' किंवा 'पिंक्स.'. उजवीकडे 'स्कल्प.' लावलेले नाव कोरणाऱ्याचे. 'एक्सक.' दिसले तर तो छापणारा किंवा प्रकाशक. ऑनलाइन संग्रहात यातले एकच नाव 'कर्ता' म्हणून चढते आणि बहुधा चुकीचे चढते. वेरूळच्या लेण्यांची १८०३ सालची २४ चित्रे घ्या. मूळ रेखाटने चित्रकार जेम्स वेल्सची; तो १७९५ मध्येच वारला. तांब्यावर ती टॉमस डॅनियलने उतरवली, काही स्वतः, काही देखरेखीखाली. नोंद 'डॅनियल, १८०३' एवढीच केली तर वेल्स गायब. आम्ही दोन्ही नावे कामासकट लिहितो आणि सालेही दोन देतो: रेखाटन १७९५ पर्यंतचे, प्रकाशन १८०३. पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट यानेही त्याच काळात वेरूळ रेखाटले होते. पण छापावर नाव नसेल तर निव्वळ अंदाजाने त्याला कर्ता करत नाही. शंका टिपणीत जाते.

ठिकाणाचे रकाने तीन, आणि घोळ इथेच जास्त: चित्रात दिसणारी जागा, चित्रकार जिथे उभा होता ती जागा, आणि कागद आज कुठे आहे ती जागा. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात, यांच्या नोंदीसाठी अनुक्रमे पी९१४९, पी१२५९ आणि पी२७६ हे क्रमांक आहेत. कैलास लेण्याचे अक्षांश-रेखांश २०.०२३९, ७५.१७९२. दशांशानंतर दोनच आकडे ठेवले तर चूक अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाते, आणि वेरूळची सगळी लेणी दोनेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे कैलास आणि त्याच्या शेजारची लेणी वेगळी ओळखू येणार नाहीत. उलट, चित्रकार उभा होता त्या जागेला तीनहून जास्त आकडे देणे ही फुकटची ऐट. तेवढी खात्री कोणालाच नसते.

चित्राखाली छापलेली ठिकाणाच्या नावाची ओळ जशीच्या तशी एका रकान्यात, आजचे नाव दुसऱ्यात. 'बसीन' वाचून लगेच वसई लिहू नका. ब्रह्मदेशातही एक बसीन होते.

देखावा आरशातल्यासारखा उलटा वाटला तरी फाइल उलटवू नका. कोरताना चित्र उलटे घेतले नसेल तर छापात डावे-उजवे बदलते, खालची अक्षरे मात्र सरळच दिसतात. प्रत्यक्ष जागेशी ताडून तसे टिपणीत लिहितो.

चित्र पुस्तकातून सुटलेले असेल तर पुस्तकाचे नाव, आवृत्तीचे साल आणि पान क्रमांक, जे माहीत असेल ते, चित्रासोबत चिठ्ठीवर लिहून द्या. चित्राच्या कागदावर नको, पेन्सिलीनेही नको.