चौथऱ्यावरचे लढाऊ विमान युद्धात उडवता येते का?

चौकात चौथऱ्यावर बसवलेल्या निवृत्त लढाऊ विमानांविषयी एक समज वर्षानुवर्षे सांगितला जातो: त्यांचे इंजिन शाबूत असते आणि युद्ध पेटल्यास ती खाली उतरवून थेट उडवता येतात. हे खरे नाही.

प्रदर्शनासाठी देण्यापूर्वी विमानातील शस्त्रास्त्रे, इंधन आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाची स्फोटके काढली जातात. बहुतेक वेळा इंजिनही काढून घेतले जाते. शेपटाकडील नळकांड्यात डोकावले, तर तेथे पुष्कळदा पक्षी आत शिरू नयेत म्हणून बसवलेली जाळी किंवा पत्रा दिसतो. खांबावर विमान पेलण्यासाठी सांगाड्यात पोलादी आधार बसवावे लागतात. त्यातच पावसाचे पाणी सांध्यांत साचून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला आतून गंज लागतो, जो वरच्या चकचकीत रंगामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या समजाला थोडा आधार आहे, हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाई तळांच्या प्रवेशद्वारांवरील काही स्पिटफायर विमाने उतरवून तेथे फायबरग्लासच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या आणि मूळ विमानांपैकी काही पुढे खरोखर उडाली. परंतु त्यासाठी प्रत्येक विमान पूर्ण सुटे करून नव्याने बांधावे लागले. याउलट अमेरिकेतील ‘मेम्फिस बेल’ हे बॉम्बफेकी विमान अनेक वर्षे उघड्यावर राहिले होते. २००५ मध्ये डेटनच्या संग्रहालयात आणल्यावर ते २०१८ मध्ये प्रेक्षकांसमोर आले, तेही केवळ पाहण्यासाठी.